विद्यार्थ्यांची नशा आणि शिक्षकांच्या समजुती : प्रश्नावली कशी करायची, पुढे काय करायचं?

मधली_सुट्टी

अमली पदार्थांवर शिक्षकांचं प्रशिक्षण ठरलं की बहुतेक ठिकाणी थेट पदार्थांपासून सुरुवात होते. गांजा कसा दिसतो, कोणत्या गोळीने काय होतं, वगैरे. शिक्षक आधीपासून काय धरून चालले आहेत हे कोणी विचारत नाही, आणि वर्गात पुढे जे घडतं ते त्यावरच ठरतं. ‘नशा म्हणजे संस्कार कमी पडले’ असं मानणारे सर मूल सापडलं की पालकांना बोलावून दोघांनाही झापतील. ‘एकदा लागलं की सुटत नाही’ असं मानणाऱ्या बाई त्याला समुपदेशकाकडे पाठवायची तसदीच घेणार नाहीत. माहितीपत्रक मात्र दोघांनाही एकच मिळालेलं असतं.

म्हणून प्रशिक्षणाआधी भरून घ्यायला एक प्रश्नावली करायची आहे. कच्चा मसुदा असा, उत्तरं हो किंवा नाही:

१. अमली पदार्थ घेणारे विद्यार्थी बेजबाबदार असतात आणि त्यांना शाळेतून काढलं पाहिजे.
२. व्यसनाबद्दल मुलांशी मोकळेपणाने बोलू नये असं तुम्हाला वाटत नाही का?
३. मुलांना नशेपासून वाचवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे.
४. मला अमली पदार्थांची पुरेशी माहिती आहे.
५. माझ्या वर्गात कोणीही नशा करत नाही.

जाणकारांनी बिनधास्त कापाकापी करावी.

आकडेमोड

विषय योग्य जागी पकडलात, पण यातलं एकही विधान आहे तसं चालणार नाही. क्रमाने घेऊ.

पहिल्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. मूल बेजबाबदार आहे असं वाटणारा, पण शाळेतून काढू नये असं म्हणणारा शिक्षक काय उत्तर देईल? आणि त्याने ‘नाही’ लिहिलं तर तो नेमका कशाला नाही म्हणाला ते तुम्हाला कळणार नाही. दोन वेगळी विधानं करा.

दुसऱ्यात ‘बोलू नये’ आणि ‘वाटत नाही का’ अशी दुहेरी नकाराची गाठ आहे. घाईत वाचणारे निम्मे लोक उलट खूण करतील. ‘वर्गात व्यसनाचा विषय काढला की मुलांचं कुतूहल वाढतं’ असं सरळ विधान ठेवा. न बोलण्यामागे ही समजूत असते, तीच विचारा.

तिसऱ्याला सगळेच हो म्हणतील. ज्या विधानावर सगळ्यांचं उत्तर एकच येतं त्यातून शिक्षकाशिक्षकांमधला फरक कळत नाही, मग ते विचारून उपयोग काय? कर्तव्याला किंमत जोडा : ‘शंका आली तर मी तासिका बुडवूनही त्या विद्यार्थ्याशी बोलेन.’ इथे उत्तरं पांगतील.

चौथ्यात माहिती मोजली जात नाही, माहितीबद्दलचा समज मोजला जातो. माहिती मोजायची तर बरोबर-चूक प्रश्न वेगळे काढा. इथे प्रसंग द्या आणि आत्मविश्वास विचारा : ‘एका विद्यार्थ्याच्या कपड्यांना थिनरचा वास येतो आहे. त्याच्याशी एकांतात बोलणं तुम्हाला कितपत जमेल?’ उत्तर ० ते १०० मध्ये घ्या. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची कल्पना हीच. ‘मी चांगला शिक्षक आहे’ हे वेगळं आणि ‘हे अमुक काम मला जमेल’ हे वेगळं. कृतीचा अंदाज दुसऱ्यावरून येतो.

पाचवं काढूनच टाका. त्याला ‘नाही’ म्हणणं म्हणजे स्वतःच्या वर्गावर लेखी ठपका ठेवणं. तो कोण ठेवेल?

हो-नाहीही नको. लायकर्ट यांनी १९३२ मध्ये रूढ केलेली पाच पायऱ्यांची पट्टी घ्या : पूर्ण असहमत १, पूर्ण सहमत ५.

आता रचना. विधानं सुचतील तशी लिहू नका, आधी चार कप्पे पाडा. एक, मूल नशा का करतं (स्वभाव, संगत, आजार, परिस्थिती). दोन, कशाने थांबतं (भीती, शिक्षा, संवाद, उपचार). तीन, हे काम कोणाचं. चार, मला जमेल का. पहिल्या तीन कप्प्यांत प्रत्येकी आठेक विधानं लिहा, चौथ्यात प्रसंग. पाच-सहा शिक्षकांना समोर बसवून मोठ्याने वाचायला आणि काय समजलं ते बोलायला सांगा. जिथे अडखळतील ते विधान बदला किंवा काढा. शेवटी कप्प्यागणिक पाच उरली तरी पुष्कळ झाली. एकूण वीस. त्याहून लांब कागद असेल तर शेवटच्या पानावर सगळ्या खुणा एकाच रांगेत दिसू लागतात.

पहिल्या तीन कप्प्यांत प्रत्येकी एकदोन विधानं उलट्या दिशेची (सहमत झालं तर अर्थ बाकीच्यांच्या उलट निघेल अशी) ठेवा आणि बेरजेआधी त्यांचे गुण सहातून वजा करा. हे विसरलं की क्रॉनबाख अल्फा (एका कप्प्यातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरतो, कधी चक्क उणे येतो, आणि लोक प्रश्नावलीलाच नावं ठेवतात. अल्फा ०.७० च्या वर असला की सहसा चालतो. पण तो नुसती विधानं वाढवूनही फुगतो, त्यामुळे ०.९५ आला म्हणून खूश होऊ नका. एकच गोष्ट पाच तऱ्हांनी विचारली असण्याची शक्यता जास्त.

आणि चारही कप्प्यांची मिळून एकच बेरीज कधीही करू नका. मनात कणव भरपूर पण हाताला काहीच येत नाही असा शिक्षक, आणि कठोर पण कामाला वाकबगार असा शिक्षक, दोघांची बेरीज सारखीच भरते. प्रशिक्षणात दोघांना लागणारी गोष्ट मात्र पूर्ण वेगळी असते.

सातवी_ब

सुरेख प्रतिसाद. एक शंका. शिक्षकांना ‘चांगलं’ उत्तर कोणतं ते माहीत असतं. कागदावर सगळे ‘विद्यार्थ्याला मदतीची गरज आहे’ असंच लिहिणार. त्यामागचं खरं मत काढायचं कसं?

आकडेमोड

मत विचारू नका, प्रसंग द्या. आणि प्रसंगात एकच गोष्ट बदला. उदाहरणार्थ :

‘नववीतला एक विद्यार्थी गेले तीन आठवडे पहिल्या तासाला पेंगतो. गृहपाठ अपुरा असतो. परवा त्याच्या दप्तरात सिगारेटचा कागद आणि गांजाची पुडी सापडली. तो वर्गात पहिल्या तिघांत येतो.’

निम्म्या कागदांवर शेवटचं वाक्य ‘तो दोन विषयांत नापास आहे’ असं छापा. कागद पिसून वाटा, म्हणजे कोणाला कोणता आला हा निव्वळ योग राहील. खाली प्रश्न तेच : हे त्याने पहिल्यांदाच केलं असावं का? यात त्याचा दोष किती? पालकांना बोलवाल, समुपदेशकाकडे पाठवाल की मुख्याध्यापकांकडे तक्रार कराल? दोन गटांच्या सरासरीत पडलेला फरक म्हणजे हुशार मुलाला मिळणारी आणि नापास मुलाला नाकारलेली सवलत. एकट्या शिक्षकाला त्याचा कागद पाहून काहीच उमगत नाही, त्यामुळे ‘चांगलं’ उत्तर द्यायला जागा उरत नाही. मुलगा-मुलगी असा बदलही करता येतो, पण एका वेळी एकच.

अडचण संख्येची. मध्यम आकाराचा फरक पकडायचा तर गटागटाला ६४ जण लागतात (नसलेला फरक दिसण्याची पाच टक्के मुभा आणि असलेला फरक सापडण्याची ऐंशी टक्के शक्यता धरून). तीसचाळीस शिक्षकांच्या एका शाळेत यातून निष्कर्ष काढू नका, चारपाच शाळांनी मिळून करा.

शिक्षकांच्या स्वतःच्या तंबाखू-दारूबद्दल विचारायचं झालं तर वॉर्नर यांची १९६५ ची कल्पना कामी येते. तिचं सोपं रूप : प्रत्येकाने एकांतात नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे झाकून ‘हो’ लिहायचं, काटा पडला तर खरं लिहायचं. १०० जणांत ६० ‘हो’ आले तर त्यातले सुमारे ५० छाप्याचे. उरलेले १० हे काटा पडलेल्या ५० मधले, म्हणजे अंदाज २० टक्के. कोणाचा ‘हो’ खरा ते कोणालाच कळत नाही. मात्र यात अंदाज बराच ढिला राहतो, पन्नाससाठ जणांवर तर नकोच.

शांत_सूर

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. चार कप्प्यांतल्या तीन समजुती सगळ्यात महागात पडतात.

पहिली, ‘नशा करणारं मूल बघताक्षणी ओळखू येतं.’ लाल डोळे, पेंगणं, गुण घसरणं, चिडचिड ही यादी प्रत्येक माहितीपत्रकात असते. हीच लक्षणं नैराश्यात दिसतात, रात्रभर मोबाइल पाहिल्याने दिसतात, रक्त कमी असलं तरी दिसतात, आणि घरात मारहाण होत असली तरी. उलट, नुकतीच सुरुवात केलेल्या मुलात यातलं काहीच नसू शकतं. यादी हातात पडली की शिक्षक ती आधीच नावडत्या असलेल्या मुलांना लावून बघतात. म्हणून प्रशिक्षणात ही यादी ‘नशेची लक्षणं’ या मथळ्याखाली देऊ नये. ‘या मुलाशी बोलायला हवं’ एवढाच तिचा अर्थ. व्यसन आहे की नाही हे ठरवणं शिक्षकाचं काम नाही. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत त्यासाठी अकरा निकष आहेत. बारा महिन्यांत दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. हे शाळेच्या व्हरांड्यात ठरत नसतं.

दुसरी, ‘भीती घातली की मुलं दूर राहतात.’ यावर गेल्या चाळीस वर्षांत भरपूर काम झालं आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला ‘डेअर’ हा पोलिसांनी वर्गात येऊन शिकवायचा कार्यक्रम अमेरिकाभर पसरला. १९९४ मध्ये त्याच्या मूल्यमापनांचा एकत्रित आढावा झाला, तेव्हा प्रत्यक्ष वापरावर परिणाम अगदी किरकोळ निघाला. ज्यात मुलं स्वतः बोलतात, सराव करतात अशा कार्यक्रमांपुढे तर तो फारच फिका होता. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये प्रतिबंधाच्या मानकांची दुसरी आवृत्ती काढली. त्यात नुसती व्याख्यानं, भीतीवर भर आणि पूर्वी नशा करणाऱ्यांची आत्मकथनं या गोष्टी परिणामशून्य किंवा उलट परिणाम करणाऱ्यांत धरल्या आहेत.

आत्मकथनाचं आश्चर्य वाटेल, कारण कार्यक्रम रंगतो आणि मुलांचे डोळे पाणावतात. पण मुलाच्या पदरात काय पडतं? ‘यानेही केलं, आणि आज तो व्यासपीठावर उभा आहे.’

तिसरी समजूत ‘हल्ली सगळीच मुलं करतात.’ ही काळजीपोटी बोलली जाते आणि थेट नुकसान करते. आपल्या वयाचे किती जण करतात याचा अंदाज मुलं आधीच फुगवून धरतात. पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मद्यपानाबाबत हे दाखवलं होतं. शिक्षकानेच तो आकडा फुगवला की न करणाऱ्याला आपण एकटे पडलो असं वाटू लागतं.

शिस्तप्रिय

हे सगळं वाचलं, पण मनापासून पटत नाही. भीती नको, शिक्षा नको, यादी नको. मग वर्गातल्या बाकीच्या चाळीस मुलांच्या पालकांना काय सांगायचं? एक मूल बाकीच्यांना नादी लावत असेल तर त्याला बाजूला काढणं हेही शिक्षकाचंच काम आहे. शाळेने अचानक दप्तरं तपासावीत, लघवीची चाचणी करावी, म्हणजे वचक तरी राहील.

शांत_सूर

तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि खोलीतल्या निम्म्या शिक्षकांच्या मनात तोच असतो. म्हणून सविस्तर लिहिते.

विकणं आणि घेणं वेगळं करा. दुसऱ्या मुलांना पदार्थ पुरवला जात असेल तर ती बाकीच्यांच्या सुरक्षिततेची बाब आहे. तिथे मुख्याध्यापक आणि कायदा यांचा मार्ग ठरलेला असतो, शिक्षकाने तो परस्पर सोडवू नये. पण घेणाऱ्या मुलाला घरी बसवलं की त्याच्या आयुष्यातून दिवसाचे सहासात तास मोठ्यांची नजर निघून जाते आणि तो वेळ ज्यांच्याबरोबर जातो ते सहसा त्याच वाटेवरचे असतात. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया इथल्या शाळांची तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे नशेसाठी निलंबन हे धोरण होतं तिथल्या विद्यार्थ्यांत पुढल्या वर्षी गांजाचा वापर जास्त आढळला, आणि जिथे समुपदेशकाकडे पाठवत तिथे कमी. हा केवळ त्या एका मुलाचा हिशेब नाही. संपूर्ण शाळेतल्या मुलांचा आहे, म्हणजे तुमच्या त्या चाळीसांचाही.

वेगळा गट करून ‘बिघडलेल्या’ मुलांना एकत्र बसवणं तर मुळीच नको. डिशियन, मॅककॉर्ड आणि पुलँ यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अशा गटांत मुलं एकमेकांकडून दाद मिळवतात आणि वागणं आणखी बिघडतं.

चाचणीबद्दल परिचारिका जास्त नेमकं सांगतील.

पांढरी_टोपी

चाचणीतून शिक्षकांना जी खात्री हवी असते ती मिळत नाही. गांजा एकदा घेतला तर लघवीत साधारण तीन दिवस सापडतो, रोज घेणाऱ्यात महिनाभरही. म्हणजे सुट्टीत घेऊन आता बंद केलेलं मूल अडकतं. आदल्या रात्री दारू प्यालेलं मूल लघवीच्या नेहमीच्या चाचणीपट्टीत सुटतं. थिनर, सोल्युशन, व्हाइटनर हे हुंगायचे पदार्थ तर त्या पट्टीत धरलेच जात नाहीत, आणि लहान वयात हात जातो तो याच पदार्थांकडे, कारण ते सहज मिळतात. सर्दीच्या काही औषधांतल्या स्यूडोएफेड्रिनमुळे ॲम्फेटॅमिनची खोटी खूण उमटू शकते. पट्टीवर आलेली प्रत्येक खूण प्रयोगशाळेत पुन्हा पक्की करावी लागते, तोवर मुलाचं नाव शाळाभर झालेलं असतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ मध्ये शाळांत सरसकट चाचण्या करण्याला विरोध केला, तो पुरावा पुरेसा नाही म्हणूनच.

वचकाबद्दल एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत हवी. हुंगणाऱ्या मुलावर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका, झटापट करू नका. या वाफांनी हृदय ॲड्रेनॅलिनला अतिसंवेदनशील होतं. दचकून पळालेल्या मुलाची धडधड अचानक बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्यांदाच हुंगलेलं असलं तरी. शांत आवाजात बोलायचं, मोकळ्या हवेत आणायचं, बसवायचं, जवळ थांबायचं. ‘पकडलं की दरडावायचं’ या समजुतीने जीव जाऊ शकतो तो इथे.

मूल हाकेला ओ देत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, ओठ निळसर असतील तर रुग्णवाहिका आधी, पालक आणि मुख्याध्यापक नंतर. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली. श्वास थांबला असेल तर लगेच छातीदाब सुरू करा. ओकारी काढायचा प्रयत्न नको, तोंडात पाणी-कॉफी काही नको, ‘झोपू दे, उतरेल’ हे तर नकोच. जवळ सापडलेली पुडी, गोळ्यांचं पाकीट, बाटली डॉक्टरांना द्यायला सोबत ठेवा.

मधली_सुट्टी

पहिलं बोलणं नेमकं कसं करायचं? प्रश्नावलीतला ‘कितपत जमेल’ हा प्रसंग शिकवायचाही आहेच ना.

शांत_सूर

आधी नोंद. ‘नशेत होता’ असं लिहू नका. ‘१० वाजून ४० मिनिटं. डोळे अर्धवट मिटलेले. बाहीला थिनरचा वास. उठताना बाकाला धरावं लागलं. या आठवड्यात दुसऱ्यांदा.’ दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. अशी नोंद पुढे कोणीही वाचली तरी मूल दोषी ठरत नाही आणि समुपदेशकाला मात्र सगळं मिळतं.

बोलायचं ते मूल शुद्धीत, स्थिर असताना. दाराआड नको, पण कोणाच्या कानावरही पडू नये. वर्गासमोरून बोलावून नेऊ नका. सुरुवात नोंदीतूनच : ‘मंगळवारी आणि आज तू पहिल्या तासाला पेंगत होतास. मला काळजी वाटली. काय चाललंय?’ मग थांबा. इथे बहुतेक शिक्षकांना शांतता सोसत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ‘तू घेतोस का?’ हा प्रश्न टाळा. त्याचं एकच सुरक्षित उत्तर असतं आणि ते दिलं की बोलणं संपतं. नाव सांग, कोणाकडून आणलंस, हेही नको.

‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन चुकूनही देऊ नका. ‘तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगेन’ हे म्हणा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शेवटी पुढची पायरी ठरलेली असावी : समुपदेशकाकडे कधी, शिक्षक सोबत येणार का. ‘क्राफ्ट’सारखी सहा प्रश्नांची तपासणी पुढे तिथे होते. त्यात दोन किंवा जास्त ‘हो’ आले की सविस्तर तपासणी लागते.

रोज झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेणारं मूल असेल तर ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नये. अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीत.

सातवी_ब

आणि प्राथमिकच्या शिक्षकांचं काय? ‘आमच्या वयाच्या मुलांचा याच्याशी काय संबंध’ हे हमखास ऐकू येतं.

आकडेमोड

त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं उदाहरण आहे. १९६९ मध्ये मांडलेला ‘गुड बिहेवियर गेम’ तिथे पहिलीच्या वर्गांत राबवला. वर्गाचे गट पाडायचे, नियम कमी आणि स्पष्ट ठेवायचे, ठरल्या वेळात ज्या गटाकडून नियमभंग कमी त्या सगळ्या गटाला शाबासकी. अमली पदार्थाचा उल्लेखसुद्धा नाही. तीच मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर मुलग्यांमध्ये, विशेषतः पहिलीत आक्रमक असलेल्यांमध्ये, नशेचे विकार कमी निघाले. ‘हे काम कोणाचं’ या कप्प्यात प्राथमिकच्या शिक्षकांचे गुण कमी आले तर व्याख्यान देण्यापेक्षा हे दाखवा.

शिस्तप्रिय

धावू नये हे माहीत नव्हतं. बाकी मुद्द्यांवर विचार करतो. पण शिक्षकांचं मत प्रशिक्षणाने खरंच बदलतं का? वर्षानुवर्षांची समजूत एका दिवसात कशी जाईल?

आकडेमोड

एका दिवसात जात नाहीच. थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये याचा क्रमच उलटा मांडला. आपण धरतो की आधी मत बदलेल, मग वागणं. त्यांच्या मते शिक्षक आधी वर्गात काहीतरी वेगळं करून पाहतो, त्याला मुलांमध्ये फरक दिसतो, आणि मग मत बदलतं. म्हणून प्रशिक्षणाचा वेळ मन वळवण्यात घालवू नका. पदार्थांची माहिती अर्धा तास, बाकी वेळ पहिल्या बोलण्याचा जोडीजोडीने सराव. एक शिक्षक, एक विद्यार्थी, तिसरा फक्त नोंद ठेवणारा. नंतर दर महिन्याला तासभर बैठक, त्यात काय केलं आणि काय झालं एवढंच. वर्गात घ्यायचा कार्यक्रम असेल तर तो पूर्ण घ्या. उदाहरणार्थ, नशा रोखण्यासाठी शाळांत घेतल्या जाणाऱ्या बॉटव्हिन यांच्या जीवनकौशल्य कार्यक्रमात पहिल्या वर्षी १५, दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी ५ तासिका आहेत. वेळ कमी पडला की शिक्षक पहिल्यांदा अभिनय आणि गटचर्चा गाळतात, कारण त्यात गोंगाट होतो. मग उरतं ते व्याख्यान, आणि कार्यक्रमाचा परिणाम ज्याच्यामुळे असतो तेच गेलेलं असतं.

मोजणीही त्याच हिशेबाने. प्रशिक्षण संपल्या संपल्या कागद भरून घेतला तर गुण चढलेले दिसतील, ते सौजन्याचे. तीन महिन्यांनी पुन्हा भरून घ्या. सोबत मुलांची नावं न घेता मोजा : किती जणांशी पहिलं बोलणं झालं, किती समुपदेशकाकडे गेले, किती जणांना घरी बसवलं. चौथ्या कप्प्याचे गुण तीन महिन्यांनी थोडे उतरले तर लगेच अपयश समजू नका. सरावाआधी ‘मला जमेल’ म्हणणाऱ्याला काम काय आहे तेच ठाऊक नसतं. अशा वेळी ‘प्रशिक्षणाआधी तुम्हाला खरं किती जमत होतं, असं आज वाटतं?’ हा प्रश्न जोडा आणि त्याच्याशी तुलना करा.

मधली_सुट्टी

दोन्ही वेळचे कागद एकाच व्यक्तीचे, हे नावाशिवाय जुळवायचे कसे?

आकडेमोड

सांकेतिक खूण. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला फक्त दिवस, मोबाइल क्रमांकाचा शेवटचा अंक. शिक्षकाला लक्षात ठेवावी लागत नाही, पुन्हा विचारलं की तीच तयार होते. काही जुळणार नाहीत, तेवढी गळती धरूनच चला. वय, विषय आणि नोकरीची वर्षं मात्र एकत्र विचारू नका. लहान शाळेत एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. हस्ताक्षरातली उत्तरंही नकोत, फक्त खुणा. कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर गोळा करू नका. बंद पेटी ठेवा आणि ती शाळेबाहेरच्या माणसाने उघडावी, हे भरायला देतानाच सगळ्यांसमोर सांगा.

मधली_सुट्टी

ठीक. वीस विधानं आणि एक प्रसंग असा नवा मसुदा करून इथेच टाकते. चार शाळांशी बोलणं चालू आहे, १२८ शिक्षक भरतील असं दिसतंय.

आकडेमोड

१२८ म्हणजे काठावर. दोनतीन कागद कोरे आले तरी गट ६४ च्या खाली जाईल. पाचवी शाळा घ्या.